पाय कापू नको

विद्यापीठ गेटच्या आत-बाहेर कॅमेरा घेऊन फिरायला लागलं की पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की इथं कुणी 'सहज' सापडत नाही. कॅमेरा पिशवीतून निघायचा अवकाश, चहावाला शर्टाचं वरचं बटण लावतो. पोरं हातानंच भांग नीट करतात. म्हाताऱ्या बाया डोक्यावरचा पदर पुढं ओढतात आणि एकाएकी गंभीर होतात, जणू तहसीलदारांपुढं उभं केलंय. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, छाती पुढं काढून, नजर थेट भिंगात. आणि मग विचारतात, "काढला का?"

आम्हाला वर्गात शिकवलं होतं ते याच्या नेमकं उलटं. माणसाला कळू देऊ नका, त्याचं काम चालू असू द्या, तो तुम्हाला विसरला की मग बटण दाबा. कॅमेऱ्याकडं बघणारा माणूस म्हणजे वाया गेलेला फोटो. मी शहरातल्या एका कॉलेजात पत्रकारिता शिकत होते आणि शेवटच्या सत्राला वीस फोटोंचं फीचर करायचं होतं. विषय मीच निवडलेला: कॉलेज परिसरातलं रोजचं जगणं आणि ते चालवणारी माणसं. आमचं कॉलेज म्हणजे एक इमारत आणि एक पार्किंग, तिथं वीस फोटो कुठून काढणार? म्हणून मी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि त्याच्या भोवतीचा भाग धरला. बेगमपुऱ्यापासून पहाडसिंगपुऱ्यापर्यंत.

हा भाग घ्यायला कारणही होतं. 23 ऑगस्ट 1958 ला पंडित नेहरूंच्या हस्ते हे विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव असे चार जिल्हे याच्याकडं आहेत. (माझा परभणी जिल्हा नांदेडच्या विद्यापीठात मोडतो, त्यामुळं मी इथं तशी पाहुणीच.) या चार जिल्ह्यांतली पोरं-पोरी इथं येतात, दोन-तीन वर्षं राहतात, डिग्री नाहीतर नुसताच अनुभव घेऊन जातात. पण त्यांना जेवू घालणारे, खोल्या भाड्यानं देणारे, झेरॉक्स काढणारे, रात्री गेटवर बसणारे तिथंच राहतात. एका बॅचमागून दुसरी बॅच त्यांच्या डोळ्यांसमोरून जाते. कॉलेजच्या स्मरणिकेत त्यांचा फोटो कधी येत नाही. मला त्यांचेच फोटो हवे होते.

परवानगीचं थोडक्यात सांगते. रस्त्यावर, दुकानासमोर कुणी अडवत नाही. आत कॅम्पसमध्ये मात्र गेटवरचे काका थांबवतातच. आमच्या कॉलेजचं शिक्क्याचं पत्र मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सतत जवळ ठेवायचे. त्या पत्रातला मजकूर कुणी वाचला नाही, सगळ्यांनी शिक्का बघितला. तिपाई मी नेलीच नाही. बीबी का मकबऱ्यासारख्या संरक्षित वास्तूत ती लावायला पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते, आणि बाहेर कुठंही तिपाई उभी केली की लोकांना वाटतं सर्व्हे सुरू झाला, आता रस्ता रुंद होणार, आपलं दुकान जाणार.

कॅमेरा सेकंडहँड होता, क्रॉप सेन्सरचा (म्हणजे आतला सेन्सर पूर्ण मापापेक्षा लहान), आणि त्यावर 50 मिमीची स्वस्त लेन्स. स्वस्त असली तरी एफ 1.8 पर्यंत उघडणारी, म्हणजे अंधाऱ्या खोलीत उपयोगाची. अडचण एवढीच की क्रॉप सेन्सरवर 50 ची लेन्स 75-80 सारखी वागते; माणूस पूर्ण बसवायचा तर चांगलं चार-पाच पावलं मागं जावं लागतं. बेगमपुऱ्यातल्या खोल्यांत चार पावलं मागं गेलं की पाठ भिंतीला लागते.

उजेडाशी जास्त झगडावं लागलं. मराठवाड्यातलं ऊन हे फोटोवाल्याचं दुखणं आहे. मार्चनंतर सकाळी दहाच्या पुढं ऊन डोक्यावर येतं, डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात, कपाळ आणि नाक पांढरं फट्ट. चारपर्यंत तेच. त्या वेळात मी उघड्यावर कुणाचा फोटो काढायचेच नाही. पत्र्याच्या शेडची कड, ओसरी, दुकानाचं अर्धं शटर असं काहीतरी शोधायचं आणि माणसाला सावलीत पण उजेडाच्या तोंडाशी उभं करायचं. दुसरं म्हणजे कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर. समोर जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं ते धरून चालतं. चुना दिलेल्या पांढऱ्या भिंतीसमोर सावळा माणूस उभा राहिला की भिंत करडी येते आणि माणूस काळाठिक्कर. तिथं एक्स्पोजर एक स्टॉप वाढवायचं, म्हणजे उजेड दुप्पट घ्यायचा. धुरानं काळ्या झालेल्या स्वयंपाकघरात उलटं. मीटर फसून सगळंच उजळ करतं, भाकरी जळून पांढरी होते, म्हणून तिथं कमी करायचं. आपल्याकडची बहुतेक माणसं सावळी आणि बहुतेक भिंती एकतर पांढऱ्या नाहीतर धुरकट, त्यामुळं ऑटोवर सोडून चालत नाही.

सुरुवात केली सकाळपासून. पहाटे कॅम्पसमधल्या रस्त्यांवर आणि मैदानावर भरतीची पोरं पळत असतात. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, वर गोळाफेक आणि शंभर मीटर. बूट कुणाचे फाटलेले, कुणाचे कोरे. गोगाबाबा टेकडीकडं चढणारे रिटायर्ड काका त्यांच्याकडं बघत बघत जातात. हे फोटो मला शिकवल्याप्रमाणं मिळाले, कारण घड्याळ लावून पळणाऱ्याला बटण लावायला वेळ नसतो. शटर 1/500 ला, कॅमेरा छातीच्या उंचीवर, मागं सुबाभळीची झाडं. चांगले आले. पण पळून झाल्यावर तीच पोरं घाम पुसून आली, ओळीत उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आता आमचा काढा." आता! म्हणजे मघाचे जे काढले ते त्यांच्या हिशेबी 'आमचे' नव्हतेच.

मेसच्या मावशीपाशी मात्र मी अडले, आणि बरेच दिवस तिथंच रमले.

मावशी भोकरदनकडची. बेगमपुऱ्यात एका वाड्याच्या मागल्या अंगाला तिची मेस. पाटी नाही, बोर्ड नाही, पोरं पोरांना सांगतात. वरण-भात, एक भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या भाकरी. भात-भाजी गॅसवर होते. भाकरीला मागच्या पत्र्याखाली चूल. गॅसवर भाकरी फुगत नाही असं तिचं मत, आणि इतक्या भाकऱ्यांना टाकी परवडतही नाही. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला तिरपा उजेड पत्र्याच्या खालून आत येतो, धुरात त्याचे पट्टे दिसतात, आणि परातीतल्या पिठावरून तोच उजेड उसळून मावशीच्या हनुवटीवर पडतो. फोटो शिकणाऱ्याला अजून काय पाहिजे? मी दाराशी बसून भाकरी थापताना तिचे फोटो घेतले. एक तर असा आला की दोन्ही तळव्यांमध्ये भाकरी, पिठाचा भुगा हवेत आणि तिची नजर तव्यावर. मी स्क्रीनवर तिला दाखवला.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आगं, अशी कामून काढलीस? केस बघ माहे. पदर कुठं चाललाय. हे काय फोटो काढायचं टाइम हाय व्हय?"

मी म्हटलं, मावशी, छान दिसतेय तुम्ही, काम करताना.

"काम तं रोजच करायले मी. फोटो रोज काढतेत का?"

तिनं मला दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावलं. पोरं जेवून गेल्यावर. मी गेले तर ती नाहून, केस विंचरून, हिरवं काठाचं पातळ नेसून तयार. गळ्यात एक पोत. तिनं जागाही ठरवून ठेवली होती: बाहेरच्या खोलीतली निळ्या ऑइल पेंटची भिंत, कॅलेंडर काढून टाकलेलं. मी हळूच सुचवलं की हातात परात घ्या, नाहीतर चुलीजवळ बसा. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी पुढं बोललेच नाही.

"परात कशाला? लग्नाच्या फोटोत कुणी परात धरतं का?"

मग अटी आल्या. पहिली, पाय कापायचे नाहीत. मी गुडघ्यापर्यंतचा घेतला तर तिनं तो नामंजूर केला. "आर्धी बाई कशाला काढायलीस?" खोलीत मागं सरकायला जागा नाही, लेन्स 50 ची. शेवटी आम्ही बाहेर गल्लीत आलो. समोरच्या घराची भिंत बऱ्यापैकी स्वच्छ होती, सावलीही होती. मी गल्लीच्या पलीकडल्या कडेला नाल्याशेजारी. मधून मोटारसायकली. एक रिक्षावाला थांबून बघायला लागला, त्याला वाटलं शूटिंग आहे. "क्या है मैडम, सीरियल का है क्या?" मावशीनंच त्याला सांगितलं, "हौ, सीरियलच हाय. चल पुढं." आणि परत चेहरा गंभीर.

दुसरी अट तिनं फोटो काढता काढता सांगितली, अगदी वरणात मीठ किती ते सांगावं तशा सुरात.

"असा काढ की उद्या मी मेले तं त्यालाच हार घालता आला पाहिजे. आमच्या मालकाचा फोटोच न्हवता. आधार कार्डावरला मोठा करून आणला पोरानं. चोरावाणी दिसतेत त्याच्यात."

हे ऐकल्यावर आमच्या गावातल्या घराघरातल्या भिंती मला आठवल्या. कुणाच्या आजोबाचा फोटो मतदार कार्डावरून उचललेला, कुणाच्या आईचा लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला, शेजारच्या बाईचा खांदा अजून कोपऱ्यात दिसतोय. फोटोशॉपवाल्यानं मागं निळा पडदा लावलाय, कधी अंगात कोट चढवलाय. ज्यांनी अख्ख्या हयातीत स्वतःसाठी दोन-तीनदा फोटो काढला, तेही सरकारी खिडकीपुढं, त्यांच्या दृष्टीनं फोटो ही तयारीनं करायची गोष्ट आहे. मी त्यांना बेसावध पकडायला निघाले होते आणि त्यांना तर एकदा तरी सावध होऊन दिसायचं होतं.

त्यानंतर मी काम करायची रीत बदलली. आधी माणूस जसा म्हणेल तसा त्याचा फोटो. त्यानं जागा निवडायची, त्यानं कपडे, त्यानं उभं राहायचं का बसायचं ते ठरवायचं. मी फक्त उजेड बघायचा आणि पाय कापायचे नाहीत. मग त्याची हरकत नसेल तर कामाचे फोटो. आणि दोन्हींची प्रिंट त्याला द्यायची.

यात एक राग पण होता माझा, तो सांगून टाकते. मराठवाड्याचा फोटो म्हटला की काय येतो? भेगाळलेली जमीन, रिकाम्या घागरींची रांग, कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा तर कॅमेऱ्यांची जत्राच भरली होती. ते फोटो खोटे होते असं मी म्हणणार नाही; तहान खरीच होती. पण त्या रांगेतल्या किती बायांना कुणी विचारलं असेल, की बाई, तुला कसं दिसायचंय? आमची माणसं बाहेरच्या जगाला कायम वाकलेलीच दिसतात, कारण वाकलेली असतानाच त्यांना टिपलं जातं.

आणि हे आजचं नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला 1844 पासून इथं राहिलेला इंग्रज लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल पुढं कॅमेराही वापरायला लागला. म्हणजे आमच्या भागात कॅमेरा तसा फार लवकर आला. पण त्या काळातले लेण्यांचे फोटो पाहिले, कुणीही काढलेले, तर खांबाशेजारी एखादा गडी उभा केलेला असतो. कशासाठी? खांब किती उंच आहे ते कळावं म्हणून. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांत मी गेले होते तेव्हा सहलीला आलेली शाळेची पोरं तिथल्या खांबांना टेकून फोटो काढत होती, आणि त्यांना खांबाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. मला ते फार आवडलं. तिथले मी काढलेले फोटो मात्र फीचरमध्ये घेतले नाहीत, लेणी घेतली की पर्यटनाचं होऊन बसतं.

नकार देणारेही भेटले, आणि ते महत्त्वाचे. कॅम्पसमध्ये 'कमवा आणि शिका' योजनेतली मुलं असतात, तासाच्या हिशेबानं काम करून खर्च भागवतात. बागेत पाणी घालणाऱ्या एकाशी माझी चांगली ओळख झाली होती. बीड जिल्ह्यातला, घरी ऊसतोडीला जाणारे आईवडील. फोटोचं विचारलं तर म्हणाला, "हाताचा काढा, पाइपाचा काढा, तोंड नको." मी कारण विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. "गावात सांगितलंय की स्कॉलरशिप मिळते." मी हाताचाही नाही काढला. त्याचे हात ओळखणारं कुणीतरी असणारच की. मुलींच्या बाबतीत तर मी आणखी जपून होते. रूमवर राहणाऱ्या एका मैत्रिणीनं स्पष्ट सांगितलं, तू काढ, पण इंटरनेटवर टाकू नको, मामा बघतो आणि शिक्षण बंद होतं. फोटोचा कॉपीराइट कायद्यानं काढणाऱ्याचा असतो हे आम्हाला पाठ होतं. इथं त्या पाठांतराचा काही उपयोग नाही. मी एक वही केली: नाव, फोटो नंबर, आणि पुढं त्यांच्याच शब्दांत काय चालेल, काय नाही. 'कॉलेजात दाखवा, पेपरात नको.' 'कुठंबी लावा.' 'पोराला विचारून सांगतो.'

झेरॉक्सवाल्या दादाचं काम वेगळंच. त्याच्या दुकानात कोऱ्या कागदांच्या रिमा दाराशी रचलेल्या, त्यामुळं उजेड खालून छान मऊ यायचा. मला फार काही करावं लागलं नाही. तो मशीनवर हात ठेवून उभा राहिला, एखाद्यानं नव्या ट्रॅक्टरवर ठेवावा तसा. मागं पाटीवर शहराचं नाव औरंगाबाद, आणि समोर काउंटरवरच्या नव्या बिलबुकावर छत्रपती संभाजीनगर. 2023 नंतरचे माझे बरेच फोटो असेच आहेत, एकाच चौकटीत दोन्ही नावं. पुढं कधी कुणी हे फोटो बघितले तर साल सांगावं लागणार नाही. दादाचं म्हणणं एकच, "जरा गोरं करा." आता यावर माझी मतं ठाम आहेत, पण फोटो त्याचा होता. मी म्हटलं, सावलीतला आहे म्हणून तसा दिसतोय, बघते. आणि उजेड थोडा वाढवून दिला. कातडीचा रंग बदलला नाही. तो खूश झाला. त्याला बहुतेक तेवढंच पाहिजे होतं, चेहरा दिसावा.

प्रिंट काढणाऱ्या लॅबमध्ये हीच भानगड मोठ्या प्रमाणात होते. तिथलं मशीन आणि मशीनवरचा पोरगा दोघंही आपणहून चेहरे उजळ करतात, गाल गुळगुळीत करतात. पहिल्या खेपेला मावशीच्या कपाळावरच्या आठ्या आणि गोंदण दोन्ही गायब होऊन आलं. मावशीनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "ही कोण हाय?" परत लॅबमध्ये जाऊन 'करेक्शन काही करायचं नाही' असं पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, तरी तोंडानं वेगळं सांगावं लागलंच. व्हॉट्सअॅपवर फोटो मागणारेही खूप. त्यांना साधा पाठवला की तो बारीक होऊन जातो, नंतर मोठा करायला गेलं की फाटतो. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा आणि 'हा डिलीट करू नका, प्रिंटला हाच द्या' असं खाली लिहायचं.

मग आला 14 जानेवारी. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं 27 जुलै 1978 ला केला, आणि नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत गावागावांतल्या दलित वस्त्यांनी काय सोसलं, किती घरं जळली, पोचिराम कांबळेंसारखी माणसं कशी गेली, ते मराठवाड्यात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. दरवर्षी त्या दिवशी गेटपाशी माणसांचा पूर येतो. पुस्तकांचे स्टॉल, भीमगीतांचे भोंगे, निळे झेंडे, पांढऱ्या साड्या. लांबून टेम्पो, जीप भरून कुटुंबं येतात. गेटला हात लावतात, कपाळ टेकवतात. आणि फोटो काढतात. गेटसमोर, अख्खं कुटुंब.

तिथं फिरत्या फोटोग्राफरांची रांग होती. हातात कॅमेरा, पाठीमागं बॅटरीवर चालणारा छोटा प्रिंटर, पाच मिनिटांत फोटो हातात. त्यातल्या एका वयस्क काकांच्या बाजूला मी दुपारभर उभी राहिले, त्यांची हरकत नव्हती. आमच्या वर्गात कुणी न शिकवलेलं त्यांनी शिकवलं. लोक आपोआप गेटच्या पायथ्याला चिकटून उभे राहतात. तसे घेतले तर गेट मोठं आणि माणसं मुंग्यांएवढी. काका कुटुंबाला गेटपासून बरंच पुढं, कॅमेऱ्याजवळ आणायचे, रुंद लेन्स लावायचे आणि स्वतः जमिनीवर जवळजवळ लोळायचे. की झालं, चेहरे ठळक आणि त्यांच्या डोक्यावर अख्खं गेट, वरच्या नावासकट. पांढऱ्या साडीवर भर दुपारचं ऊन, ते साडीवर मीटर घ्यायचेच नाहीत, तोंडाजवळ जाऊन मोजायचे, "साडी गेली तरी चालंल, आजीचं तोंड ऱ्हायलं पाहिजे." आणि सगळ्यांना एकच हुकूम: "हनुवटी वर."

एका कुटुंबात शेवटची आजी, काठी टेकून. फोटोच्या वेळी तिनं काठी नातवाकडं दिली. पोरगं म्हणालं, पडशील. ती नाही म्हणाली. मी बघत होते आणि माझ्या डोक्यात घराघरातला बाबासाहेबांचा फोटो होता: सूट, टाय, खिशाला पेन, नजर सरळ. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावात मान वर करून चालायची सोय नव्हती, ते या गेटसमोर हनुवटी वर करून उभे राहतात, तर तो फोटो ठरवून काढलेला आहे म्हणून कमी खरा कसा? मी त्या दिवशी एकही चोरून काढला नाही. काकांच्या शेजारी बसून, काकांनी उभं केलं तसंच, विचारून काढले.

फीचर मांडताना मी जोड्या लावल्या. डावीकडं कामातला फोटो, उजवीकडं त्या माणसानं ठरवलेला. मावशी भाकरी थापताना, आणि मावशी गल्लीत, पायांसकट. पळणारी पोरं, आणि ओळीतली पोरं. बाहेरून आलेले परीक्षक सरळ उजवीकडच्या ओळीकडं बोट करून म्हणाले, "हे सगळे कॅमेऱ्याकडं का बघतायत? यात जगणं कुठंय? हे स्टुडिओचं काम झालं." मी जे वर लिहिलंय ते सांगायचा प्रयत्न केला, निम्मंच जमलं. त्यांचं एक म्हणणं मला आजही पटतं: नुसते उभे फोटो लागोपाठ वीस पाहिले तर डोळा थकतो, आणि हातांची हालचाल उभ्या फोटोत हरवते. मावशीच्या हातातली ती भाकरी, तो पिठाचा भुगा, तो फोटो मला कधीच टाकवणार नाही. पण त्यांना डावीकडची ओळ पुरेशी वाटत होती आणि मला नाही. मार्क मध्यम पडले.

मावशीनं दोन्ही प्रिंट घेतल्या. पातळातला आठ बाय बारा फ्रेम करून बाहेरच्या खोलीत निळ्या भिंतीवर लागला; भाकरीचा तिनं पिठाच्या डब्यावर टेकवून ठेवलाय आणि जेवायला येणाऱ्या नव्या पोरांना दाखवते, "ही फोटोवाली. कालेजात शिकते." त्यामुळं माझी ओळख गल्लीत अशीच पक्की झाली आणि कामं यायला लागली. कुणाच्या बाळाचं बारसं, कुणाची रिटायरमेंट. भरतीची पोरं तर थेट आली, फॉर्मला पासपोर्ट पाहिजेत, फोटो स्टुडिओवाला फार घेतो. मावशीच्या गल्लीतल्या त्याच भिंतीला आम्ही पांढरी चादर लावली, दोघांनी कोपरे धरले. फॉर्मच्या साइटला फोटो ठरावीक केबीतच लागतो, म्हणून एक जण झेरॉक्सवाल्या दादाकडं पळत जाऊन साइज कमी करून आणत होता.

चौथ्या की पाचव्या पोरानं विचारलं, "मॅडम, हसलं तर फॉर्म रिजेक्ट होतो का?"

मला ठाऊक नव्हतं. पण चान्स कशाला घ्यायचा म्हणून सगळ्यांना तोंड मिटायला लावलं. पाय या वेळी कापले.